सनी रोलिन्स ऐकायला सुरुवात कशी करावी: व्हिलेज व्हॅन्गार्डपासून बॉस्टनपर्यंत

जॅझ ऐकायचं मनात असतं, चार-दोन रेकॉर्ड लावूनही पाहिलेल्या असतात, आणि दहाव्या मिनिटाला प्रश्न पडतो की ही मंडळी मिळून नेमकं करतायत तरी काय. अशा माणसाच्या हातात जॅझचा इतिहास देऊ नये. त्याला एक वादक द्यावा, त्या वादकाची एक मैफल द्यावी आणि ती पुन्हा पुन्हा ऐकायला लावावी. टेनर सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स आणि त्याने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबमध्ये केलेलं वादन, याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

रोलिन्सच्या नावावर साठाहून जास्त रेकॉर्ड आहेत. नवखा श्रोता तिथेच गोंधळतो, आणि बहुतेक याद्या त्याला १९५६च्या 'सॅक्सोफोन कोलोसस'कडे पाठवतात. ती रेकॉर्ड थोर आहे, तीही ऐकायची आहेच. पण रोलिन्स हा मुळात मैफलीचा माणूस. स्टुडिओत तो स्वतःवर फार कडक असे आणि आपलीच मुद्रणं परत ऐकणं त्याला नकोसं होई. लोकांसमोर, वेळेची घाई नसताना एखाद्या चालीत शिरला की मात्र तो तिचा कोपरा न् कोपरा धुंडाळून येई. ते शोधकाम जसं चाललं तसं टेपवर उतरलं आहे, म्हणून सुरुवात तिथून.

आधी योग्य आवृत्ती मिळवा

'अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' ही रेकॉर्ड ब्लू नोट कंपनीने १९५८मध्ये काढली तेव्हा तिच्यावर फक्त सहा रचना होत्या. प्रत्यक्षात त्या रविवारी दुपारी आणि रात्री मिळून याच्या कितीतरी जास्त वादन टेपवर आलं होतं. ते टप्प्याटप्प्याने बाहेर आलं आणि १९९९मध्ये दोन सीडींचा पूर्ण संच निघाला. तुम्ही तो पूर्ण संच मिळवा. स्ट्रीमिंगवर शोधत असाल तर एक सोपी खूण आहे: यादीत 'अ नाइट इन ट्युनिशिया' दोनदा दिसली पाहिजे. एकदाच दिसली तर ती जुनी सहा रचनांची रेकॉर्ड समजा. तीही सुंदर आहे, पण पुढे सांगणार आहे तो सर्वांत मोलाचा अभ्यास तिच्यावर करता येणार नाही.

मुद्रण केलं रूडी व्हॅन गेल्डरने. ब्लू नोटच्या त्या काळातल्या आवाजाचा हा कर्ता माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात स्टुडिओ चालवायचा. त्या दिवशी तो आपली यंत्रं घेऊन सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवरच्या या तळघरात उतरला. मॅक्स गॉर्डनने १९३५मध्ये सुरू केलेला हा क्लब म्हणजे त्रिकोणी आकाराची एक लहानशी खोली. कविता, लोकगीतं, विनोदी कार्यक्रम असं सगळं तिथे होऊन गेलं होतं. निव्वळ जॅझकडे तो वळला त्याच १९५७ साली. इथे मुद्रित झालेली ही पहिली जॅझ रेकॉर्ड. पुढे या खोलीत इतक्या मोठ्या माणसांनी मुद्रणं केली की 'लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' हे शब्द रेकॉर्डच्या वेष्टनावर असणं हाच एक मान झाला.

दोन गोष्टी सांभाळा. मुद्रण मोनो आहे, तेव्हा कुठलं वाद्य डावीकडे, कुठलं उजवीकडे हे शोधत बसू नका. तिघंही मधोमध उभे आहेत. आणि फोनच्या स्पीकरवर मुळीच ऐकू नका. डबल बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरची मजल तिथवर जात नाही. तिघांच्या संचातला एकजण गायब झाला तर उरलेल्या दोघांचं बोलणं अर्धंच कळणार. बेस खालपर्यंत नीट देणारे साधे हेडफोन पुरतात.

पहिल्यांदा ऐकताना फक्त मोजा

या संचात पियानो नाही, गिटार नाही. टेनर सॅक्सोफोन, डबल बेस आणि ड्रम्स, बस्स. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी जुळवून वाजवलेले अनेक सूर, वाजवून पाया धरणारं कुणीच नसल्यामुळे हे वादन नवख्याला जड जाईल असं पुष्कळ जाणकार सांगतात. माझं मत नेमकं उलट आहे. तीनच वाद्यं, तिन्हींचे आवाज एकमेकांपासून अगदी वेगळे. कान कुठे ठेवायचा हे इथे जितकं सोपं आहे तितकं मोठ्या संचात कधीच नसतं.

सुरुवात 'सनीमून फॉर टू'पासून करा. ही रोलिन्सची स्वतःची रचना. खाली उतरत येणारी एक छोटी ओळ, ती तीनदा वाजते आणि चाल संपते. रचना बारा बारांच्या ब्लूजची आहे: चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. मूळ चाल वाजून झाली की हेच आवर्तन फिरत राहतं आणि त्याच्यावर सोलो, म्हणजे एकेका वादकाचं उत्स्फूर्त वादन, चालतो. एवढं कळलं की जॅझमधलं निम्मं धुकं निवळतं. सोलो म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे. खाली आवर्तन चालू आहे, प्रत्येक वादकाला आपण त्यात कुठे आहोत हे पक्कं ठाऊक आहे, आणि पहिल्या मात्रेवर ते सगळे पुन्हा भेटणार आहेत.

मोजायचं असं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. दर बारच्या पहिल्या मात्रेला त्या बारचा आकडा म्हणायचा. बारापर्यंत गेलात की परत एक. मात्रा सापडत नसेल तर ड्रमरच्या पायाखालच्या हाय-हॅटकडे कान द्या. दोन थाळ्या मिटण्याचा 'चिक्' असा बारीक आवाज बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. बेसवाला तर जवळजवळ प्रत्येक मात्रेवर एक सूर ठेवत चालतो. हात मांडीवर ठेवून मोजा, बोटं धरून मोजा, कसंही. मध्येच आकडा चुकला तर थांबवून मागे जायची गरज नाही. पुढचं आवर्तन सुरू झालेलं जाणवेल तिथून पकडा. ख्याल ऐकणाऱ्यांना समेची चाहूल लागते ना, तशीच ती इथेही काही दिवसांत आपोआप लागायला लागते.

हे जमलं की 'सॉफ्टली, अ‍ॅज इन अ मॉर्निंग सनराइझ' घ्या. १९२८च्या एका ऑपेरेटातलं, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकातलं हे गाणं, सिग्मंड रॉम्बर्गच्या चालीचं. इथे आवर्तन बत्तीस बारांचं आहे: आठ बारांची ओळ, तीच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा मधला भाग, मग पहिली ओळ परत. मधल्या भागात स्वरांचा रंग उजळतो, ते कानाला लगेच कळतं. जुन्या अमेरिकी नाटकगीतांतली असंख्य गाणी याच घडणीची असतात, म्हणून हा एक नकाशा पाठ केलात तर पुढे शेकडो रेकॉर्डना तो उपयोगी पडेल. सोलो सुरू होण्याआधी चाल निदान गुणगुणता येईल इतकी ऐकून घ्या. चाल पाठ नसताना रोलिन्सचा सोलो ऐकण्यात निम्मी मजा बुडते, कारण तो सतत तिच्याचबद्दल बोलत असतो.

मग बेस, मग ड्रम्स

तीच रचना पुन्हा लावा आणि सॅक्सोफोनकडे चक्क दुर्लक्ष करा. रात्रीच्या वादनात बेसवर शिकागोचा विल्बर वेअर आहे. त्याच वर्षी तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवत होता, आणि कमी सुरांत जास्त सांगायची त्याची रीत आहे. इतर बेसवादक सोलो मिळाला की वेग दाखवतात. वेअर एखादा साधा आकृतिबंध धरतो, तो थोडा सरकवतो, मध्ये जागा सोडतो. त्या मोकळ्या जागांत क्लबमधले आवाज ऐकू येतात.

ड्रम्सवर एल्विन जोन्स. तेव्हा तो तिशीचा होता आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या संचातली त्याची मोठी कीर्ती अजून तीन वर्षं पुढे होती. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढा. साधा ड्रमर उजव्या हाताने सिम्बलवर ठेका धरतो आणि डाव्या हाताने अधूनमधून ठोके पेरतो. जोन्सचे चारही हातपाय एकमेकांशी बोलत असतात. एका मात्रेचे तीन तुकडे करून तो ते वेगवेगळ्या ड्रम्सवर वाटून टाकतो, त्यामुळे ठेका सरळ रेषेत न जाता गोल फिरल्यासारखा वाटतो. पुढे रोलिन्स आणि तो चार-चार बार आळीपाळीने वाजवतील, एकदा सॅक्सोफोन, एकदा ड्रम्स. तिथे मोजणी मुळीच सोडू नका. ड्रम्स एकटे वाजत असतानाही आवर्तन चालूच असतं, आणि रोलिन्स बरोबर जागेवर परत येतो तेव्हा मोजणाऱ्याला जो आनंद होतो तो न मोजणाऱ्याला मिळत नाही.

आता सॅक्सोफोन

इथे थोडं थांबूया, कारण रोलिन्सचं मोठेपण इथेच आहे.

त्याचा सूर मोठा, भरीव आणि किंचित खडबडीत आहे. लहानपणापासून त्याचा देव होता कोलमन हॉकिन्स, टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मानाची जागा मिळवून देणारा वादक. तो भरदारपणा तिकडचा. पण हॉकिन्स सूर लांबवतो तिथे रोलिन्स पुष्कळदा तो तोडतो. एखादा सूर छोटासा, कोरडा, टोचल्यासारखा येतो. त्याच्या शेजारी खर्जातला एक घोगरा हुंकार. मग दोन मात्रा काहीच नाही. एकाच सुराला तो किती तऱ्हांनी सुरुवात करतो हे पाहण्यासाठी कुठल्याही सोलोचं फक्त पहिलं आवर्तन ऐका. जिभेने रीड (सॅक्सोफोनच्या तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी) किती जोरात आणि किती लवकर अडवायची, यावर हा सगळा खेळ आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बांधणी. 'सॅक्सोफोन कोलोसस'वरच्या 'ब्लू सेव्हन' या रचनेवर संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलरने १९५८मध्ये एक सविस्तर लेख लिहिला. रोलिन्स कॉर्डमागून कॉर्ड अशी नुसती वळणं घेत नाही. मूळ चालीतला छोटासा तुकडा उचलून त्याच्यावरच अख्खा सोलो उभा करतो, असं त्याने सुरावटी लिहून दाखवून दिलं. लेख खूप गाजला. स्वतः रोलिन्सला मात्र त्याने बेचैन केलं; आपण वाजवताना काय करतो याकडेच लक्ष जाऊ लागल्यावर वाजवणं अवघड होतं. तुम्ही शुलरएवढ्या खोलात जाऊ नका. एवढंच करा: सोलोच्या सुरुवातीला जी तीन-चार सुरांची आकृती येते ती लक्षात ठेवा आणि ती परत कुठे येते ते पाहा. कधी उलटी येते, कधी अर्ध्या मात्रेने उशिरा, कधी एकाच सुराचा ठोका उरतो. गप्पांत एखादा रंगलेला माणूस एकच विषय चारही बाजूंनी खेळवतो, तसं हे चालतं.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या गाण्यांचे तुकडे. सोलो ऐन भरात असताना रोलिन्स अचानक भलत्याच गाण्याची ओळ वाजवून जातो आणि ती खालच्या कॉर्डमध्ये चपखल बसवतो. ही गाणी अमेरिकी रेडिओवरची, नाटकांतली, सिनेमांतली. ती ओळखता आली नाहीत तरी काही बिघडत नाही. 'हे काहीतरी ओळखीच्या गाण्यासारखं वाजलं' एवढं जाणवलं तरी पुरे. ओळख हळूहळू वाढते.

एकच रचना, दुपारची आणि रात्रीची

संपूर्ण संच घ्या असं सांगितलं त्याचं कारण हे. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची 'अ नाइट इन ट्युनिशिया' त्या दिवशी दोनदा मुद्रित झाली. दुपारी बेसवर डोनाल्ड बेली आणि ड्रम्सवर पीट लारोका होता, अवघा १९ वर्षांचा. रात्री वेअर आणि जोन्स. रोलिन्स तोच, रचना तीच, खोली तीच, दिवस तोच. बदलली ती फक्त सोबत करणारी माणसं.

ऐकायची पद्धत अशी. या रचनेच्या मुख्य ओळीत ठेका लॅटिन अंगाचा असतो आणि मधल्या भागात तो सुटून सरळ स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या नेहमीच्या झुलत्या ठेक्यात जातो. हा सांधा दोन्ही ड्रमर कसा ओलांडतात ते आधी पाहा. लारोका नेटका आहे, कडा स्वच्छ ठेवतो. जोन्स सांध्यावर माती टाकतो. ठेका कधी बदलला हे क्षणभर उशिरा लक्षात येतं. मग रोलिन्सकडे वळा. दुपारी त्याच्या ओळी लांब आहेत की रात्री? कुठे तो जास्त थांबतो? कुठे ड्रमरचा एखादा ठोका उचलून पुढचं वाक्य त्याच्यावर बेतलं? मूळ एलपीवर कंपनीने दुपारचं वादन घेतलं होतं. मला रात्रीचं जास्त ओढ लावतं. दुपारच्या बाजूने बोलणारे जाणते श्रोतेही आहेत. तुम्ही दोन्ही ऐकून स्वतःचं मत बनवा आणि ते का, हे दोन ओळींत लिहून ठेवा. लिहिताना कान पुन्हा तपासावा लागतो.

असंच 'सॉफ्टली'चंही करता येतं. तिचीही दोन वादनं संचात आहेत, आणि दोन्हीकडे तेच तिघं.

मग त्याचं आयुष्य वाचा

आधी नाही, आता. चरित्रातले किस्से इतके जबरदस्त आहेत की आधी कळले तर माणूस सुरांऐवजी किस्सेच ऐकत बसतो.

रोलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३०चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सचे. आईकडून ऐकलेल्या एका गाण्यावरूनच 'सॅक्सोफोन कोलोसस'वरची 'सेंट थॉमस' ही उड्या मारणारी कॅलिप्सो रचना आली. विशीच्या आतच तो पियानोवादक बड पॉवेल, ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन यांच्याबरोबर मुद्रणं करत होता. मग हेरॉइन, दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. १९५४मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या मुद्रणासाठी त्याने 'एअरजिन', 'ओलिओ' आणि 'डॉक्सी' या तीन रचना दिल्या, ज्या आजही जगभर वाजतात, आणि तो काळ त्याच्या व्यसनाचाच होता. १९५५मध्ये तो आपण होऊन केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि व्यसनातून बाहेर पडला. बाहेर आल्यावर ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्या संचात गेला. 'सॅक्सोफोन कोलोसस' मुद्रित झाली २२ जून १९५६ला. चारच दिवसांनी, २६ जूनला, ब्राउन मोटार अपघातात गेला. वय २५. त्या संचातला पियानोवादक रिची पॉवेलही त्याच गाडीत होता.

पियानोशिवाय वाजवायला रोलिन्सने १९५७च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला 'वे आउट वेस्ट'पासून सुरुवात केली. तिघांनाही दिवसा कामं असल्यामुळे मुद्रण पहाटे तीनला सुरू झालं. व्हॅन्गार्ड त्याच वर्षीचं, आणि १९५८ची 'फ्रीडम सूट' त्याच वाटेवरची. त्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापणारी रचना आणि तिच्यासोबत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हक्कांबद्दल त्याने छापलेली छोटीशी टीप, दोन्ही त्या काळात धाडसाची होती.

आणि मग, सगळे त्याला आघाडीचा टेनरवादक म्हणत असताना, १९५९च्या उन्हाळ्यात त्याने जाहीर कार्यक्रम बंद केले. आपलं नाव आपल्या वादनाच्या पुढे धावतंय असं त्याला वाटत होतं. तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला राहायचा. शेजारच्या घरात एक गरोदर बाई होती, तिला त्रास नको म्हणून तो सॅक्सोफोन घेऊन जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. खाली ईस्ट रिव्हर, बाजूने गाड्या, रुळांवरून धडधडत जाणाऱ्या लोकलगाड्या, आणि वरच्या पादचारी वाटेवर हा तासन् तास वाजवतोय. पाऊस, थंडी, काही असो. १९६१च्या अखेरीस तो परतला आणि १९६२मध्ये 'द ब्रिज' आली, गिटारवर जिम हॉल, बेसवर बॉब क्रॅनशॉ. परत आल्यावर काहीतरी क्रांतिकारक वाजवेल अशी आशा धरलेल्यांची निराशा झाली. मला या रेकॉर्डचं मोठेपण त्यातच वाटतं: दोन वर्षं एकांतात खपलेला माणूस नवी टूम घेऊन आला नाही, आधीचंच जास्त खरं वाजवायला लागला.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा दूर झाला. या काळात काही महिने तो मुंबईत पवईच्या आश्रमात राहून योग, ध्यान आणि वेदान्ताचा अभ्यास करत होता. मराठी लेखनात या गोष्टीचा उल्लेख फारसा दिसत नाही, खरं तर व्हायला हवा. योगाभ्यास त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही.

१९७२ नंतरचा रोलिन्स

१९७२मध्ये तो पुन्हा रेकॉर्ड करू लागला, आणि इथे जाणकारांची नाकं मुरडतात. इलेक्ट्रिक बेस, गिटार, नाचरे ठेके, आणि काही स्टुडिओ रेकॉर्ड खरोखरच बेताच्या. नवख्याने यातल्या स्टुडिओ रेकॉर्ड बिनदिक्कत वगळाव्यात. १९८१मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'मध्ये वाजतो तो सॅक्सोफोन त्याचाच, एवढं माहीत असू द्या. पण मैफली वगळू नका. १९८६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीजला ओपस ४० या दगडी शिल्पस्थळी वाजवता वाजवता त्याने मंचावरून खाली उडी घेतली, टाच मोडली, आणि पाठीवर पडल्या पडल्या तो वाजवतच राहिला. तो कार्यक्रम चित्रित झालेला आहे, शोधून पाहा. नंतर त्याने स्वतः निवडलेल्या मैफलींची 'रोड शोज' ही मालिका २००८पासून आली. या काळासाठी तीच सर्वांत भरवशाची.

बॉस्टन, १५ सप्टेंबर २००१

११ सप्टेंबर २००१ला रोलिन्स वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौकांवरच्या एका उंच इमारतीत राहत होता. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी करायला लावली तेव्हा तो सॅक्सोफोन घेऊन जिन्याने खाली उतरला. १५ तारखेला बॉस्टनमध्ये बर्कली संगीत महाविद्यालयाच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम ठरलेला होता. त्याचं मन नव्हतं. पत्नी आणि व्यवस्थापक ल्युसील हिने जायचा आग्रह धरला. तो गेला आणि वाजवलं. त्या मैफलीचं मुद्रण 'विदाउट अ साँग: द ९/११ कॉन्सर्ट' या नावाने २००५मध्ये निघालं आणि त्यातल्या 'व्हाय वॉज आय बॉर्न?' या सोलोला ग्रॅमी मिळालं.

व्हॅन्गार्डमध्ये तो २७ वर्षांचा होता, इथे ७१. साथीला ट्रॉम्बोनवर भाचा क्लिफ्टन अँडरसन, पियानोवर स्टीव्हन स्कॉट, आणि बेसवर पुन्हा तोच बॉब क्रॅनशॉ, 'द ब्रिज'वरचा. शीर्षकगीत 'विदाउट अ साँग' हे 'द ब्रिज'वरही पहिलंच आहे. तेव्हा इथेही तोच अभ्यास करा: आधी १९६२चं, मग २००१चं. पहिल्यात जिम हॉलची गिटार खाली हलकेच कॉर्ड ठेवते आणि रोलिन्स चाल जपून, आखून मांडतो. दुसऱ्यात सूर जास्त रुंद आणि खरखरीत झाला आहे, वाक्यं मध्येच तुटतात, एखादा तुकडा तो चिकाटीने पुन्हा पुन्हा वाजवतो. सगळंच नेटकं नाही. काही ठिकाणी तो वाट शोधताना अडखळतोसुद्धा. पण लहान आकृती धरून तिच्यावर उभं राहणं, अचानक थांबणं, चालीकडे परत येणं, हे जे व्हॅन्गार्डमध्ये मोजून मोजून ओळखायला शिकलात ते सगळं जागच्या जागी आहे. टाळ्यांकडेही लक्ष द्या. चार दिवसांपूर्वी काय घडलं हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते त्या टाळ्यांत ऐकू येतं.

रोलिन्स २०१२पर्यंत मैफली करत राहिला. फुप्फुसांच्या आजारामुळे १९५७चा तो अवाढव्य श्वास पुढे उरला नाही आणि २०१४मध्ये वाजवणं पूर्ण थांबलं. त्याच्या सरावाच्या वह्या आणि कागदपत्रं हार्लेममधल्याच शॉम्बर्ग सेंटरमध्ये, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात आहेत.

पुढे काय ऐकायचं

व्हॅन्गार्डचीच वाट धरा. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं जून १९६१चं मुद्रण, मग कोल्ट्रेनचं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधलं, जिथे एल्विन जोन्स पुन्हा भेटतो आणि चार वर्षांत तो कुठे पोचला ते कळतं. त्यानंतर जो हेंडरसनचं १९८५चं 'द स्टेट ऑफ द टेनर': तीच खोली, टेनर, रॉन कार्टरचा बेस, अ‍ॅल फॉस्टरचे ड्रम्स आणि पियानो नाही. रोलिन्सने १९५७मध्ये जो प्रश्न मांडला त्याला दुसऱ्या एका मोठ्या वादकाने दिलेलं हे उत्तर आहे. त्याचं मोजून ऐकणंही पहिल्या रचनेपासूनच सुरू करा.